मिस्त्री माजोरी नव्हते

पनवेलहून येणारी सर्व्हिस मोटार त्या दिवशी चौक गावाच्या अलीकडे बंद पडली, त्यामुळे मला कर्जतला पोचायला दुपार टळून गेली. परवान्याचे कागद काखेत धरून खाली उतरतो तोच आमच्या भातगिरणीतला एक हमाल धावत आला आणि म्हणाला, "दिवानजी, मिस्त्री गेला. लॉरी मागं घेताना चाकाखाली आला." मला काही सुचायच्या आत त्याने पुढचं वाक्य जोडलं, "डायवर हॉर्न वाजवून वाजवून थकला, पन ह्यो हटला नाय. माज नडला, दुसरं काय?" माणूस जाऊन तीन तास झाले नव्हते. अंगणात रक्तावर टाकलेला कोंडा अजून तसाच होता, आणि गावाचा निकाल मात्र लागून गेला होता.

पुढे दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यातही तेच होतं, फक्त शुद्ध भाषेत. वारंवार सूचना देऊनही सदर इसम बाजूला झाला नाही म्हणे. सदर इसम! ज्या माणसाने सात-आठ वर्षं ह्या तालुक्याचं भात सडायचं इंजिन एक दिवस बंद पडू दिलं नाही, त्याला नावही नाही. मग तेरावं झाल्यावर गिरणीच्या आवारात शोकसभा झाली. शेठ उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले की सखाराम मिस्त्री कामाला वाघ, पण स्वभावाने तिरसट. माणसांशी त्याचं जमलं नाही, कुत्र्यावर मात्र फार जीव होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण तर हसला. मी उठून बाहेर आलो आणि वहाणा घालायचंही विसरलो. त्या सभेत खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो आणि मी तोंड उघडलं नाही, कारण मी शब्द दिलेला होता. आज तो शब्द मोडतो आहे. का मोडतो आहे ते शेवटी सांगेन.

मी ह्या गिरणीत दिवाणजी आहे. आलेलं भात, गेलेले तांदूळ, कोंडा, परवाने, हे सगळं माझ्याकडे. मिस्त्री माझ्यानंतर वर्षभराने आले. मूळचे कडावचे. मुंबईत एका कापडगिरणीत सांचे, म्हणजे माग, दुरुस्त करायच्या कामावर पुष्कळ वर्षं काढून, तिथून सुटून आले होते. उंच, सडसडीत, काळ्या दोऱ्यात ओवलेला चष्मा, आणि बोलणं मोजकं. आल्या आल्या त्यांनी कुरकुरणारं इंजिन असं काही ताळ्यावर आणलं की शेठ खूश झाले. पण पहिल्या महिन्यातच त्यांचं नाव पडलं. हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. रस्त्यात मागून कोणी "राम राम मिस्त्री" म्हटलं तर तसेच पुढे जायचे. हमालांनी पाठीमागून थट्टा केली तर त्यांचं तोंड ढिम्म. मुंबईचं पाणी लागलंय, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो. खोटं कशाला सांगू, 'माजोरी' हा शब्द आमच्या गिरणीत पहिल्यांदा मीच वापरला. एकदा चलनावर त्यांची सही हवी होती म्हणून मी इंजिनघराच्या दारातून चार वेळा हाक मारली, ते इंजिनाला तळहात लावून पाठमोरे उभे होते, आणि वळले नाहीत. मी संतापून परत आलो आणि सगळ्यांदेखत तो शब्द उच्चारला. पुढे तो त्यांच्या अंगाला चिकटला तो चिकटलाच.

त्यांचा कुत्रा आला तो खालापूरहून. खालापूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला एक डच साहेब बाग घेऊन राहिला होता. त्याच्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन बंद पडलं आणि त्याने आमच्या शेठकडे मिस्त्री मागितला. मॅट्रिकपर्यंतचं माझं इंग्रजी होतं म्हणून दुभाष्या म्हणून मला बरोबर धाडलं. जाताना बैलगाडीत आम्ही दोघे समोरासमोर बसलो आणि अख्ख्या वाटेत मी मुद्दाम एक शब्द बोललो नाही. तिथे पोचलो तर फाटकात हे जनावर. मी गाडीतून उतरलोच नाही. राखाडी रंग, मानेभोवती आयाळ, टोकदार कान, शेपूट पाठीवर गोल वळून बसलेली, आणि डोळ्यांभोवती काळ्या रेघा अशा की चष्मा लावल्यासारखा दिसावा. मला वाटलं लांडगाच पाळलाय साहेबाने. तो दोनदा खणखणीत भुंकला, मग साहेबाकडे धावत गेला, त्याच्या पायाला अंग टेकून उभा राहिला आणि आमच्याकडे पाहू लागला. साहेब बाहेर आला, आम्हांला या म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्या कुत्र्याच्या लेखी आम्ही घरचे झालो. माझा हात चाटला, मिस्त्रींचा हात चाटला, आणि आनंदाने जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या.

मिस्त्रींनी तासभर इंजिन खोललं. साहेब व्हरांड्यात पाइप ओढत बसला होता. मला वेळ घालवायचा होता म्हणून कुत्र्याबद्दल विचारलं. त्याने एका कागदावर जातीचं नाव लिहून दाखवलं आणि वाचूनही दाखवलं. कीसहोंड की असंच काहीसं. मला ते नीट उच्चारता आलं नाही, साहेब हसला. म्हणाला, आमच्याकडे सपाट होड्यांतून धान्य नेतात, आणि नावाडी बायकामुलांसह त्याच होडीवर राहतो. हे कुत्रं त्या होडीवरचं. होडीवर भटकायला जागा नाही, म्हणून हे भटकत नाही. मागे धावायला ससा नाही, म्हणून शिकारीची हौस नाही. चावायचं म्हटलं तर येणारा माणूस मालकाचं गिऱ्हाईक असायचा, म्हणून चावतही नाही. मग करतं काय, असं मी विचारलं. साहेबाचं उत्तर मला अजून आठवतं. तो म्हणाला, हे सांगतं. कोणी आलं, काही हललं, कुठे वेगळा आवाज झाला की हे आपल्या माणसाला येऊन सांगतं. तेवढंच त्याचं काम, आणि त्या कामात ते कधी चुकत नाही. बोलता बोलता साहेबाने मिस्त्रींना दोन वेळा हाक मारली होती. आधी साधी, मग जरा मोठ्याने. मिस्त्री वळले नव्हते. माझ्या मनात आलं, साहेबाशीसुद्धा माज! पण साहेब रागावला नाही, नुसता बघत राहिला.

पुढे डचांच्या जावा बेटावर जपानी उतरले आणि साहेबाला लढाईवर जायचं बोलावणं आलं. बंगला आवरताना त्याने आमच्या गिरणीत माणूस पाठवला आणि कुत्रा मिस्त्रींना देऊन टाकला. सोबत माझ्या नावाने इंग्रजीत चिठ्ठी होती, की ह्या माणसाला ह्या कुत्र्याची गरज आहे. मी समजलो, भिसेगावात मिस्त्रींचं घर टोकाला आहे, चोराचिलटांसाठी म्हणत असेल. परदेशातून आलेल्या त्या माणसाला एका तासात जे कळलं, ते आम्हांला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ह्या गोष्टीचा मला आजही संताप येतो, आणि तो साहेबावर नाही.

भिसेगावात कुत्र्याचं नाव 'गोसावी' पडलं. ती राख फासल्यासारखी कातडी आणि जटा बघून दुसरं काही सुचणार तरी कसं? गावाने त्याला लगेच कसोटीला लावलं. पहिल्याच हंगामात मिस्त्रींच्या कडावच्या चुलतभावाने भाताच्या राखणीला तो मागून नेला. पहाटे रानडुकरं शेतात शिरली. गावठी कुत्री ओरडत त्यांच्यावर धावली. गोसावी काय करतो, तर उलटा फिरून थेट राखणीच्या माळ्याखाली आला, दोनदा भुंकला, चुलतभाऊ खाली उतरला तसा त्याच्या गुडघ्याला अंग घासलं, डुकरांच्या दिशेने एकदा बघितलं आणि शांतपणे खाली बसला. काम झालं! चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी त्याला दोरीने ओढत परत घेऊन आला आणि अंगणातूनच ओरडला, "घ्या तुमचा सायेब! डुकरं दाखवतो नि बसतो. निस्ता खायाला काळ न् भुईला भार!" झालं. तेव्हापासून मालक माजोरी आणि कुत्रं निकामी, अशी जोडी ठरली. आपल्याकडे कुत्र्याने एक तर चावावं नाहीतर मारावं. तिसरं काही काम जगात असतं, हे कोणाच्या डोक्यात शिरेना.

खरं सांगतो, मी कुत्र्यांचा माणूस नाही. पण ह्या प्राण्याने मला जिंकलं. खायला दिलं म्हणून जवळ येणारी कुत्री पुष्कळ असतात. ह्याला खाण्यापेक्षा सोबत हवी असायची. दोघे दोन खोल्यांत बसले तर हा मधल्या उंबऱ्यावर बसायचा, म्हणजे कोणावर अन्याय नको. ओरडलात तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून रुसून बसायचा, आणि तुम्ही नुसतं "गोसावी" म्हटलं की ओठ मागे खेचून असा काही दात दाखवायचा की अनोळखी माणूस पळावा. पण ते त्याचं हसू होतं. उन्हाळ्यात बिचाऱ्याचे हाल. अंगावर एवढी लोकर आणि आमच्याकडचा वैशाख. मग इंजिनाच्या थंड पाण्याच्या टाकीखाली चिखलात पोट टेकून पडायचा. तिथूनही त्याचे दोन कान आणि चष्म्याआडचे डोळे सारखे फिरत असायचे.

आणि कुत्रा आला तसे मिस्त्री माणसांत आले. हाक मारली की वळू लागले. "राम राम" म्हटलं की थांबून "राम राम" म्हणू लागले. हमाल म्हणाले, साहेबाचा कुत्रा पाळला नि ह्याला रीत आली. मलाही तसंच वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवणाची सुट्टी झाली होती, इंजिन बंद होतं, आणि मी काहीतरी विचारायला इंजिनघरात गेलो. गोसावी टाकीखाली गाढ झोपला होता. मी दारातून हाक मारली, मिस्त्री हलले नाहीत. दुसरी मारली, तिसरी मारली. इंजिन बंद, चहूकडे शांतता, आणि चार हातांवर बसलेला माणूस हलत नाही. मी पुढे होऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी दचकून वर बघितलं. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे... मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "जेवलात का?"

"जेवलो की," मिस्त्री म्हणाले. "भाकर नि सुकट. तुमी?"

माझा चेहरा बघून त्यांचा उतरला. माझ्या तोंडाकडे पाहत ते हळूच म्हणाले, "दिवानजी... आत्ता आवाज नवता काडला ना तुमी?"

त्या दुपारी मला सगळं कळलं. मुंबईला सांच्यांच्या खात्यात बारा वर्षं, शेकडो सांचे एकदम खडखडताहेत, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथले सगळेच कामगार ओठ वाचून बोलतात. मिस्त्रीही शिकले. फक्त एक दिवस खात्याबाहेर आल्यावरसुद्धा त्यांना ओठच वाचावे लागायला लागले. तिथल्या डॉक्टराने कान तपासले आणि दुसऱ्या दिवशी गिरणीने कामावरून काढलं. कडावला परत आले ते मनाशी ठरवूनच, की आता ह्या गोष्टीचा कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. इंजिनाचा मिस्त्री म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा, अशी सगळ्यांची समजूत. मिस्त्री दुखणं ओळखायचे तळहाताने, अनवाणी पायाने, आणि फारच अडलं तर बांबूची एक काठी इंजिनावर टेकून दुसरं टोक दातांत धरून. लोक म्हणायचे, मिस्त्री वेडा, काठ्या चावतो. मला म्हणाले, "आवाज कानातूनच येतो आसं कुनी सांगितलं? दातातनं पन येतो, दिवानजी. मानसाचा तेवडा येत नाय."

मी शेठना सांगून टाका म्हणालो. ते उठले, मला हाताला धरून भाताच्या राशीपाशी घेऊन गेले आणि माझा हात राशीवर ठेवला. आमच्या भागात धान्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. मी शब्द दिला. वाचक विचारतील, बहिऱ्या माणसाला इंजिनावर ठेवणं बरोबर होतं का? विचारा. मीही त्यांना तेच विचारलं होतं, इंजिनाच्या पट्ट्यात कोणाचा हात गेला आणि कोणी ओरडलं तर? ते म्हणाले, "गोसावी हाय तवर मी बहिरा नाय." मला ते पटलं, कारण तोवर मीही त्या जनावराला ओळखायला लागलो होतो.

आणि तशी वेळ आलीच. चंद्राबाई नावाची पाखडणारी बाई पट्ट्याजवळून जाताना तिचा पदर ओढला गेला. बायकांनी एकच आकांत केला. मी गादीवरून उठून धावलो, पण माझ्या आधी गोसावी इंजिनघरात शिरला होता. दारात पोचलो तेव्हा तो मिस्त्रींच्या मांडीवर दोन्ही पंजे टेकून उभा होता, जे तो कधीच करत नसे, आणि मिस्त्रींचा हात इंजिन बंद करण्याच्या दांड्यावर होता. चंद्राबाईचं कोपर सोलवटलं, लुगडं फाटलं, बाकी देवाची कृपा. आता बघा लोक काय म्हणाले. "बाया एवड्या वरडल्या, मिस्त्री हलला नाय. कुत्र्याला दया आली, ह्याला नाय." ज्याने बाई वाचवली त्याला हे बक्षीस! मिस्त्री समोरच उभे होते. त्यांनी ते सगळं ओठांवर वाचलं आणि काठी उचलून आत निघून गेले. मी मधे पडून एवढं तरी म्हणायचं होतं की गप्प बसा. तेही मी म्हणालो नाही.

गोसाव्याचा घात केला त्याच्या लोकरीने. वर्षातून दोनदा त्या कुत्र्याचे केस असे गळायचे की पिंजाऱ्याच्या घरात गेल्यासारखं वाटावं. ह्या वर्षी तपासणीला रेशनिंगचा एक इन्स्पेक्टर आला. त्याने पोत्यात हात घातला आणि दोन राखाडी केस बाहेर काढले. त्याच पोत्यात खडे होते, माती होती, उंदरांच्या लेंड्या होत्या. त्या कोणालाच दिसल्या नाहीत. मला विचाराल तर त्याला लिहायला काहीतरी हवं होतं, ते त्याने लिहिलं. शेठनी लगेच फर्मान काढलं की उद्यापासून कुत्रं आवारात दिसता कामा नये. मिस्त्री शेठसमोर हात जोडून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "निस्तं दारात बसू द्या. आत येनार नाय." शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुम्हांला काम करायचंय का कुत्रं सांभाळायचंय?"

मिस्त्रींनी एका दिवसात गोणपाटाचा अंगरखा शिवला. चार पायांना भोकं, पोटाखाली नाड्या. गोसावी तो घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि इतका ओशाळला होता की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. शेठ जरा विरघळले, बघू म्हणाले. पण ते दिवस उन्हाचे. दुपारपर्यंत कुत्र्याची जीभ हातभर बाहेर आली, डोळे तांबारले, आणि तरीही प्रत्येक हाकेला तो उठून मिस्त्रींकडे जात होता. चौथ्या वेळेला जाताना त्याचे पाय लटपटले. मिस्त्रींनी स्वतःच नाड्या सोडल्या, त्याला टाकीखाली भिजवलं आणि संध्याकाळी घरी नेलं. दुसऱ्या दिवसापासून गोसावी भिसेगावात खांबाला बांधलेला. मोकळा सोडला असता तर वास काढत गिरणीत आला असता.

मी त्यांना गाठलं. म्हणालो, आता तरी सांगा, नाहीतर काम सोडा. मीच सांगतो शेठना, माझा शब्द मला परत द्या. ते शांतपणे म्हणाले, "सांगितलं तर चंद्राबाई वरडली तवा मी बहिरा हुतो, हे पन कळंल ना दिवानजी? मंग काय म्हनतील? ठार बहिरा इंजिनावर बसून बायाच्या जिवाशी खेळत हुता, आसंच म्हनतील. त्या परीस माजोरी बरा." तोंडात शब्द आले होते, की मिस्त्री, तो शब्द माझाच आहे. ते बोललो नाही. मी त्यांना फक्त एवढं म्हटलं की आवारातून जाताना चारी बाजूंनी बघून चाला. ते हसले, म्हणाले, "बघतोच की. दुसरं काय करतो मी?"

पण माणसाला पाठीला डोळे नसतात. तीन आठवडेही झाले नाहीत. तेलाचा डबा घेऊन ते टाकीकडून इंजिनघराकडे निघाले होते. लॉरी मागे येत होती. हॉर्न वाजला, क्लीनर ओरडला, हमाल ओरडले. सगळ्यांनी सगळं केलं आणि सगळे आता साक्ष द्यायला तयार आहेत की आम्ही ओरडलो. खरंच आहे. ओरडणाऱ्यांची ह्या गावात कधीच कमतरता नव्हती. जाऊन अंगाला हात लावून सांगणारा एकच होता, त्याला तुम्ही दोन केसांपायी हाकलला. आणि मेल्यावर त्या माणसाला माजोरी म्हणून मोकळे झालात. मी ह्यात माझंही नाव घालतो. मला वगळू नका.

परवा भिसेगावला गेलो. मिस्त्रींच्या पत्नी पार्वतीवहिनी एकट्याच असतात. मूलबाळ नाही. खोली स्वच्छ सारवलेली. मी खाली बसलो, गोसाव्याने येऊन हात हुंगला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. मी चाचरत म्हणालो, "वहिनी, त्यांच्याबद्दल पेपरात लिहावं म्हणतो. पण लिहायचं तर सगळं लिहावं लागेल. भातावर हात ठेवून शब्द दिला होता, म्हणून आधी तुम्हांला विचारायला आलो." त्या चुलीशी पाठमोऱ्या होत्या. मग चहा उकळता उकळता आपणहून सांगायला लागल्या. म्हणाल्या, "रोज घरी आल्यावर इचारायचे, गं, गोसावी कसा वरडतो गं? जाड का बारीक? आता मी काय सांगू? मी तोंड करून दाखवायची, तर म्हनायचे, तसं नाय, हातावर दाखव. मंग त्यांच्या तळव्यावर मी थाप मारायची. दोन डाव. आसा वरडतो म्हनून. पाच वरसं त्यांचा कुत्रा त्यांनी कंदी आयकला नाय."

मला पुढे विचारवेना. चहा घेतला, उठलो, वहाणा घालून अंगणात उतरलो. लिहायचं की नाही ते राहूनच गेलं असं वाटलं. चार पावलं गेलो असेन, तोच मागून वहिनींची पावलं ऐकू आली. त्यांनी मागून हाक मारली नाही. त्या झपझप चालत माझ्या पुढे आल्या, वळून अगदी समोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर जरा मागे घेतला म्हणजे तोंडावर उजेड पडेल, आणि माझ्या डोळ्यांत बघून एकेक शब्द सुटा सुटा करत बोलल्या. एवढ्या वर्षांची सवय. मला नीट ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं, पण घरातल्या माणसाशी बोलायची त्यांना दुसरी रीतच उरलेली नाही.

"लिवा," त्या म्हणाल्या. "बहिरा म्हनू द्या. खरं हाय ते. पन माजोरी नका म्हनू."